मुद्दाम चुकवलेली ओळ

उसवबाई,

पत्राला मायना घालत नाही. तुला मायने आवडत नसत आणि मला तेवढा धीर नाही. येत्या महिन्यात तू जाऊन वर्ष होईल. या वर्षात तुझ्यावर चार जणांनी लिहिलं आणि चौघांनीही तुला प्रेमळ करून टाकलं. 'मायेची ऊब' तर चौघांच्याही लेखात आहे. मी वाचलं आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. तू प्रेमळ नव्हतीस गं. तू खट होतीस. आतून काय होतीस ते मला माहीत आहे, पण ते कुणी छापावं असं तुलाही वाटलं नसतं.

म्हणून आता मी लिहायला बसले. तुला विचारायची सोय उरली नाही, आणि न विचारता केलेल्या गोष्टीचा तुला किती संताप यायचा हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तर कर संताप. 'तू अशी होतीस, तू तशी होतीस' असं पानभर लिहिलं की शोकसभेला बसल्यासारखं वाटतं, म्हणून सरळ गोष्ट सांगते. तू मला ती दोनदा सांगितलीस, तुझ्या सुनेने तिसऱ्यांदा. गोष्टीत मी येते तिथे स्वतःला नुसतं 'मैत्रीण' म्हणते. कुठे चुकलं तर त्या ओळीवर अंगठा ठेवायला तू येणार नाहीस, एवढीच माझी सोय.

*

उसवबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते शिकवणीतल्या बायकांनी पाडलं, आणि पाठीमागे म्हणता म्हणता एक दिवस कुणाच्या तरी तोंडून समोरच निसटलं. खोलीत सगळ्यांच्या सुया थांबल्या. बाई मात्र रागावल्या नाहीत. "कामावरून पडलंय ना? मग चालेल. थोबाडावरून पडलं असतं तर विचार केला असता," एवढंच म्हणाल्या.

विणकामाची ही शिकवणी बुधवारी आणि शनिवारी दुपारी, घराच्या पुढच्या खोलीत चाले. आठ खुर्च्या आणि एक स्टूल. स्टुलावर बाई स्वतः. खुर्चीत बसलं की माणूस सैलावतो आणि सैलावलेल्या माणसाचे टाके सैल पडतात, असं त्यांचं म्हणणं. कात्री खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली, कारण नेलेली कात्री कधी परत येत नाही हा अनुभव. कुणी विणलेला तुकडा पुढे केला की बाई त्याच्याकडे बघतही नसत. डोळे खिडकीबाहेर आणि अंगठा ओळींवरून फिरतोय. फिरता फिरता एकदम थांबे.

"उसव."

"कुठून, बाई?"

"बाराव्या ओळीपासून."

"अहो, मी तिसाव्या ओळीवर आलेय!"

"म्हणजे अठरा ओळी उसवायच्या. वजाबाकी येते ना?"

वजाबाकी हा त्यांचा प्रांतच होता. कॉलेजात गणित घेऊन पदवी मिळवली, चार वर्षं शाळेत शिकवलं, मग मुलगा झाला, नोकरी सुटली आणि हातात सुया राहिल्या. पण नुसतं विणणं त्यांच्या बुद्धीला पुरणारं नव्हतं. त्या नमुने रचत. आधी चौकटींच्या कागदावर हिशेब मांडायचा, मग लोकर विकत आणायची. असे त्रेसष्ट नमुने त्यांनी हिरव्या पुठ्ठ्याच्या एका वहीत उतरवले होते. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला नाव. 'मुंग्यांची रांग', 'उलटी छत्री', 'सासूचा राग'. या शेवटच्यात गाठी फार.

त्या वहीला कुलूप नव्हतं. ती खिडकीत उघडी पडलेली असे आणि येणारीजाणारी कुणीही तिची पानं चाळे. बाईंचं कुलूप वहीच्या आत होतं. प्रत्येक नमुन्यात एक ओळ त्यांनी मुद्दाम चुकीची लिहिली होती. जिथे दोन टाके एकत्र विणून कमी करायचे, तिथे वाढवायला सांगितलेलं. खरी ओळ फक्त बाईंच्या डोक्यात. शिकणारी बाई त्या ओळीशी आली, अडली आणि "बाई, इथे काही चुकलंय का?" असं विचारती झाली, की बाई लगेच खरी ओळ सांगत. ना आढेवेढे, ना उपकार. फक्त विचारायचं.

जी विचारणार नाही, गुपचूप उतरवून नेईल, तिचं काय व्हायचं ते होई. खालच्या मजल्यावरच्या बाईने एकदा एका विद्यार्थिनीकडून बाळाच्या टोपीचा नमुना मधल्या मध्ये मिळवला. आठवड्याने ते बाळ जिन्यात भेटलं तेव्हा त्याच्या टोपीला मधोमध एक शिंग होतं. उसवबाईंनी बाळाचा गाल ओढला, शिंग हळूच दोन बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "गोड आहे हो. नववी ओळ का?" त्या बाईने पुढचे सहा महिने जिन्यात उसवबाईंचा पाय वाजला की दार उघडलं नाही.

असा सगळा कारभार सुरळीत चालला होता. त्यात बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन आठवडे वाचायला आणि विणायला बंदी घातली. आणि त्या दोन आठवड्यांत सुनेच्या मनात भलतंच प्रेम उफाळून आलं.

सून कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. हुशार, सरळ, कामाला वाघ, आणि सासूला आनंदाचा धक्का देण्याची तिची फार दिवसांची इच्छा. तिने हिरवी वही उचलली, पानापानाचे फोटो काढले, घरी जागा मिळेल तिथे बसून सगळं टाइप केलं आणि विणकामाच्या एका मोठ्या वेबसाइटवर चढवलं. वर बाईंचं पूर्ण नाव. खाली खुला परवाना: हे नमुने कुणीही वापरावेत, शिकवावेत, बदलावेत, विकावेत, अट एकच, नाव द्यावं.

नवा चष्मा आला त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टेबलावर तिने टॅब सासूपुढे ठेवला.

"आई, बघा तरी!"

बाईंनी बघितलं. स्वतःचं नाव. स्वतःची 'उलटी छत्री'. स्वतःच्या वहीवर सांडलेल्या चहाचा डागसुद्धा फोटोत आलेला.

"चार हजार लोकांनी उतरवून घेतलंय, आई! दोन आठवड्यांत! कुठकुठल्या देशांतून!"

"मला कुणी विचारलं?" बाई म्हणाल्या.

"अहो, विचारलं असतं तर धक्का कसा बसला असता?"

"तो बसला."

मुलगा समोर पेपर वाचत होता. तो पेपरच्या आणखी आत गेला. "मला यात ओढू नका," असं पेपरच्या मागून ऐकू आलं.

घरात आता वादळ होणार असं सुनेला वाटलं. पण बाई टॅबवर बोट फिरवत राहिल्या, आणि फिरवता फिरवता त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा वर गेला. त्या एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "बरं केलंस हो. सगळं जसंच्या तसं घातलंस ना? एकही ओळ बदलली नाहीस?"

"नाही हो आई! एकही नाही."

"शहाणी ती."

आणि त्यांनी दुसरा कप चहा मागितला. सून आनंदाने आत गेली. त्रेसष्ट नमुन्यांतल्या त्रेसष्ट चुका आपण जगभर वाटल्या आहेत याची तिला गंधवार्ता नव्हती, आणि सासूने ती लागू दिली नाही. न विचारता घेतलेल्या वस्तूचं काय होतं ते तिला आपोआप कळू दे, असा बाईंचा सरळ हिशेब होता.

पंधरा दिवसांत कळायला लागलं. आधी एक प्रश्न आला: नववा नमुना, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, ओळ सतरा, काही चुकलंय का? मग असेच पाच आले, मग पन्नास. मग फोटो. एका धिप्पाड गृहस्थाने राखाडी स्वेटर घालून फोटो पाठवला. उजवं कोपर नीट, आणि डाव्या कोपराला नारळाएवढा फुगा. कुणी तरी लिहिलं की फुगा मुद्दामच असणार, कोपर दुमडताना ताण पडू नये म्हणून केलेली ही खास रचना आहे. त्यावर शंभर जणांनी होकार भरला. एका बाईने तर उजव्या बाहीलाही तसाच फुगा विणला आणि म्हणाली, आता कसं जोडीने शोभतं!

सून कामावरून आल्या आल्या ते वाचून दाखवी आणि बाई हसून हसून पदराने डोळे पुसत. डोळ्यांना चोळायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही विसरत. चौथ्या दिवशी त्यांचं हसू थांबलं.

त्या दिवशी सुनेने वाचलं ते असं होतं: 'या बाईंना मोजता येत नाही असं दिसतं.' आणि खाली बाईंचं पूर्ण नाव.

बाईंनी टॅब ओढून घेतला. वर-खाली फिरवून पाहिला. प्रत्येक फुग्याखाली त्यांचं नाव होतं. लोक प्रामाणिक होते बिचारे. नाव द्या म्हटलं होतं, त्यांनी दिलं होतं. शिंगवाली टोपी, फुगीर कोपर, एकाच बाजूला लोंबणारा गळा, आणि सगळ्याला एकच नाव जोडलेलं. आजवर चुकीची ओळ घराबाहेर गेली ती चोरून, म्हणजे बिननावाची. टोपीला शिंग आलं तर ते चोरणारीचं. आता पहिल्यांदाच ती उजळ माथ्याने बाहेर पडली होती आणि आपल्या जन्मदात्रीचं नाव जगाला सांगत सुटली होती. 'मोजता येत नाही' म्हणे! गणित घेऊन पदवी मिळवलेल्या बाईला!

"काढ ते," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे चुकीच्या ओळींचं प्रकरण सुनेला कळलं.

"आई, तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"तुला विचारायचं पहिल्या दिवसापासून माहीत नव्हतं?"

"काढते मी. पण ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्याकडे ते राहणारच. आणि परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, आई. तसा नियमच आहे."

"दिला कुणी?"

"म्हणजे?"

"परवाना दिला कुणी? मी दिला? दुसऱ्याची वस्तू उचलून दानधर्म करायचा आणि वर म्हणायचं मागे घेता येत नाही! तुझ्या ग्रंथालयात चालतं का असं?"

सुनेच्या ग्रंथालयात तसं मुळीच चालत नसे. प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वेबसाइटवर घाला म्हणून आले की त्यांना 'लेखकाची लेखी संमती आणा' असं सांगून दारातून परत पाठवणारी तीच होती. तो अर्ज तिनेच तयार केला होता. अर्जाच्या डोक्यावर ठळक अक्षरात ओळ होती: ज्याचे आहे त्यानेच द्यावे.

"मला वाटलं, घरातलंच आहे," ती पुटपुटली.

"घरातल्याला विचारायला तर जिनाही उतरावा लागत नाही," बाई म्हणाल्या.

सुनेने त्या संध्याकाळी सगळं खाली उतरवलं आणि त्या जागी माफीच्या चार ओळी लिहिल्या. पण पुढच्याच आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. ही मैत्रीण कॉलेजच्या वसतिगृहापासूनची. तिला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, पण डोळे शाबूत आहेत.

"अगं, मोठ्या रस्त्यावरच्या लोकरीच्या दुकानात एक पुस्तिका आलीये. बारा नमुने. त्यातली छत्री तुझ्या छत्रीसारखीच उलटी आहे."

"नाव कुणाचं?"

"दुकानाचं."

अर्ध्या तासात दोघी दुकानात. बाईंनी आयुष्यात कधी ओढला नव्हता तसा साडीचा पदर ओढून गरीब चेहरा केला. दुकानदार चाळिशीतला, तोंडभर हसणारा.

"या मावशी, काय दाखवू?"

"ही पुस्तिका तुमचीच का हो?"

"आमचीच! आमच्या घराण्यातले नमुने आहेत. आजीपासून चालत आलेले."

"अगं बाई! आजीपासून!" उसवबाई मैत्रिणीकडे वळून म्हणाल्या. मैत्रिणीने खालचा ओठ दाताखाली धरला. "मग मला एवढं सांगा बाळा, हा नववा नमुना. मी घरी करून बघितला, पण सतराव्या ओळीला काही जमेना. तुमच्या आजी ती कशी विणायच्या?"

दुकानदाराचं हसू एकदम बारीक झालं. त्याने मागे वळून पाहिलं. मागच्या खोलीच्या दारात त्याची बायको उभी होती. तिच्या हातात निळी बाही, आणि बाहीला फुगा.

"सांगा ना," बायको म्हणाली. "मलाही ऐकायचंय. तीन आठवडे झाले, मी तीच बाही उसवतेय."

"मावशी," दुकानदार चाचरत म्हणाला, "खरं सांगू का, ते इंटरनेटवर होतं. कुणीही घ्या असं लिहिलेलं होतं तिथे."

"अजून काय लिहिलेलं होतं?"

"नाव द्या असं."

"आणि तुम्ही दिलंत. दुकानाचं!" बाईंनी पदर सोडला आणि त्या सरळ झाल्या. चेहऱ्यावरची गरिबी कुठल्या कुठे गेली. "माझ्या सुनेने मला न विचारता दिलं, ते आमचं घरचं भांडण आहे. ते आम्ही बघून घेऊ. पण तुम्हाला जी एक अट घातली होती तीही तुम्हाला जड झाली? फुकटातली?"

दुकानदाराच्या बायकोने बाहीतून मान वर काढली आणि सरळ विचारलं, "बाई, सतरावी ओळ खरी कशी आहे?"

उसवबाई तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग स्टूल मागवलं, बसल्या, निळी बाही हातात घेतली आणि खिडकीबाहेर बघत अंगठा फिरवायला लागल्या. "इथून उसव. दोन टाके एकत्र, मग चार सुलट. हं. असं." दहा मिनिटांत फुगा गेला. तोवर दुकानदाराला काम दिलं होतं: काउंटरवरच्या सगळ्या पुस्तिकांवर पेनाने, सुवाच्य अक्षरात, बाईंचं नाव. मैत्रीण शेजारी उभी राहून अक्षर तपासत होती. एकावर त्याने आडनाव चुकवलं, तर तिने खोडायला लावून परत लिहून घेतलं. आणि त्याच्या बायकोने बाराही खऱ्या ओळी विचारून घेतल्या, एकेक करून.

परतताना बाई रस्ताभर चार पावलं पुढे चालत होत्या. मैत्रिणीला वाटलं राग उतरला नसेल. बसच्या थांब्यावर बाई म्हणाल्या, "विचारलंन् गं तिने."

"मग?"

"मग काय मग. बरं वाटलं."

घरी येऊन त्यांनी हिरवी वही टेबलावर आपटली आणि सुनेला हाक मारली. "तुझा तो खुला परवाना मला नीट समजावून सांग."

सुनेने सांगितलं. बाईंनी मध्येच थांबवलं. "त्यात एक अट घाल. घेणाऱ्याने मला विचारायचं."

"आई, मग तो खुला कसला? लोकांना दर वेळी विचारायला लागू नये म्हणून तर तो देतात."

"मग मला कोण विचारणार?"

सुनेने लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाली, "मी विचारते ना, आई. सगळ्यांच्या वतीने. एकदाच, पण नीट."

"त्रेसष्ट नमुने आहेत. त्रेसष्ट वेळा विचारावं लागेल."

"विचारते."

आणि खरंच तसं झालं. बाई स्टुलावर, सून समोर लॅपटॉप उघडून. पहिला रविवार, दुसरा रविवार, तिसरा. 'आई, मुंग्यांची रांग देऊ का?' 'दे. बाविसावी ओळ बदल.' 'आई, उलटी छत्री देऊ का?' 'दे.' 'विकायचीही मोकळीक?' 'विकू देत. नाव घालून खुशाल विकू देत.' मध्येच बाई म्हणत, "जरा गोड आवाजात विचार," आणि सून दात-ओठ खात गोड आवाजात विचारी. तीन नमुन्यांना बाईंनी नाही म्हटलं.

"का, आई?"

"कारण नाही. नाही म्हणायला कारण लागतं का?"

"नाही लागत," सून म्हणाली आणि तीन पानं दुमडून ठेवली. तिसऱ्या रविवारी ती असं म्हणायला शिकली होती.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली होती. बाईंनी सुरुवात दुसऱ्या नंबरपासून केली होती. 'पहिला शेवटी घेऊ,' म्हणाल्या होत्या. आता बासष्ट संपले. तिने वहीचं पहिलं पान उघडलं. त्यावर एक साधी जाळी होती, आणि नाव फक्त 'फाटक'.

"आई, पहिला देऊ का?"

बाईंचा अंगठा त्या पानावर फिरला आणि थांबला. "तो माझा नाही," त्या म्हणाल्या.

वसतिगृहाच्या फाटकावर एक बाई बसायची. येणाऱ्याजाणाऱ्या मुलींची नोंद ठेवायची आणि बाकीचा वेळ विणायची. सगळ्या तिला मावशी म्हणत. तिची ती जाळी उसवबाईंना फार आवडली. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या, गणितात पहिल्या, आणि नाक एवढं वर की फाटकावरच्या बाईला 'मला शिकवा' म्हणणं त्यांना जमेना. त्या जिन्यात पुस्तक घेऊन बसत आणि पुस्तकाच्या वरून तिचे टाके मोजत. सबंध हिवाळा मोजले. मग त्याबरहुकूम पहिला स्वेटर विणला. त्याच्या डाव्या कोपराला फुगा आला. दोनदा उसवला, दोनदा आला. शेवटी तो स्वेटर मैत्रिणीला देऊन टाकला. "घाल. कोपर वाकवून ठेवलंस की दिसत नाही." मैत्रिणीने सबंध वर्ष कोपर वाकवून काढलं.

फाटकावरच्या मावशीने मात्र तो फुगा लांबूनच ओळखला. ती पोट धरधरून हसली. "तू जिन्यात आलीस की मी एक ओळ चुकवायचे," ती म्हणाली, "आणि तू वर गेलीस की उसवायचे. अगं, विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आता बस शोधत."

उसवबाईंनी शोधली. चौकटींचा कागद घेऊन आठ दिवस हिशेब मांडला आणि खरी ओळ काढली. पण त्या मावशीला विचारलं नाही. तेव्हा नाही, वसतिगृह सोडतानाही नाही. ओळ चुकवायची युक्तीदेखील तिचीच, तीही न विचारता उचलली, आणि पुढे चाळीस वर्षं तिच्या जोरावर बायकांच्या चोऱ्या पकडल्या.

हे सगळं ऐकून सून हसेल असं बाईंना वाटलं होतं. ती हसली नाही. तिने पहिल्या नंबरपुढची जागा रिकामी ठेवली आणि म्हणाली, "मग त्यांना विचारायला हवं, आई. नाहीतर त्यांच्या घरच्यांना."

बाईंनी मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण म्हणाली, "अगं, खरी ओळ तूच शोधलीस. आता तुझाच तो."

"एक ओळ माझी. बाकीच्या शंभर तिच्या. तुला गणित कधी आलंच नाही."

*

हो, नाही आलं. पण फाटकावरच्या मावशीचा पत्ता मीच काढला, उसवबाई, हे विसरू नकोस. मावशी केव्हाच गेली होती. तिची मुलगी वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत शिलाईचं दुकान चालवते. एकच बस, सतरा थांबे. मी मंगळवार ठरवला. पहिल्या मंगळवारी तुझा गुडघा दुखत होता. दुसऱ्या मंगळवारी शिकवणीतल्या कुणाची तरी बाही अडली होती, जशी काही बाही बुधवारपर्यंत थांबणार नव्हती. तिसऱ्या मंगळवारी तू फोनच उचलला नाहीस. चौथ्या वेळी मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणालीस, "काय विचारायचं ते मला बोलून दाखव बघू." मी म्हटलं, "तुझ्या आईची जाळी मी न विचारता घेतली, आता सगळ्यांना देऊ का, एवढंच." तर म्हणालीस, "फार लांब आहे गं वाक्य." आयुष्यभर दुसऱ्यांकडून वदवून घेतलंस ते वाक्य!

पाचव्या मंगळवारी येते म्हणालीस. त्याच्या आदल्या शुक्रवारी तू गेलीस.

तुझे एकोणसाठ नमुने आता उघडे आहेत, खऱ्या ओळींसकट. मोजता येत नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने परत विणून बघितलं आणि माफी मागितली, सुनेने मला वाचून दाखवलं. तीन दुमडलेलेच आहेत. पहिल्या नंबरपुढे तिने एक ओळ टाकली आहे: 'या नमुन्याची संमती मागायची राहिली आहे.' ती मला दोनदा म्हणाली, आपण दोघी जाऊन येऊ या का? मी नाही म्हटलं. विचारायचं तुला होतं. मी सोबतीला होते फक्त.

फुगीर कोपराचा तो स्वेटर मावशीच्या मुलीला खूण म्हणून दाखवायला मी कापडी पिशवीत घालून ठेवला होता. पिशवी अजून दाराच्या खुंटीला आहे, आणि बसचे सुटे पैसे तिच्यातच.